ॲलर्जीची इंजेक्शने : एक दीर्घ मुदतीचे खाते



या स्तंभात मी सहसा ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र, कर्जाचे तारण अशा विषयांवर लिहितो. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही या महिन्यात ॲलर्जीच्या इंजेक्शनांविषयी लिहीत आहे, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, निवृत्तीच्या सुमारास मी स्वतः साडेतीन वर्षे ही इंजेक्शने घेतली. दुसरे कारण माझ्या पुतण्याचे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याच्यावर जो प्रसंग गुदरला, तो आपल्यापैकी कोणाच्याही घरी गुदरू शकतो, अशी माझी खात्री झाली आहे.

पुतण्या धुळ्याचा. मिरची, धणे, हळद आणि किराणा यांचा ठोक व्यापार. बारा-पंधरा वर्षे सकाळी उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे. पुढे रात्रीची धापही सुरू झाली. घरच्यांचे निदान ठरलेले : “मिरचीच्या गोण्यांत बसतो, दुसरे काय होणार?” जळगावच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले की, मिरचीचा ठसका हा ठसकाच आहे, तो कोणालाही लागेल. ॲलर्जी आहे ती घरातील धुळीतल्या सूक्ष्म कीटकांची आणि गवताच्या परागांची. इंजेक्शने सुरू झाली. पहिले काही महिने दर आठवड्याला एक. धुळे ते जळगाव सुमारे नव्वद किलोमीटर. पारोळा, एरंडोल करीत जायचे, इंजेक्शन घ्यायचे, अर्धा तास बाकावर बसायचे आणि परतायचे. व्यापाऱ्याचा अख्खा दिवस गेला. पाच-सहा फेऱ्यांनंतर त्याने डॉक्टरांना गळ घातली आणि बाटल्या घरी आणल्या. घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि गल्लीतल्या एका दवाखान्यातील कंपाउंडरकडून तो इंजेक्शन घेऊ लागला.

काही आठवडे निर्वेध गेले. मग पर्युषण आले, मग खरेदीचा दौरा, मग सणासुदीची गर्दी. पाच आठवडे खंड पडला. दिवाळी जवळ आली तेव्हा त्याला आठवण झाली. कंपाउंडरने कार्ड पाहिले, शेवटच्या आकड्याच्या पुढचा आकडा वाचला आणि तेवढी मात्रा दिली. दवाखान्यात डॉक्टर नव्हते. पुतण्या लगेच स्कूटरवर बसून निघाला. पाच कंदील चौकापर्यंत पोहोचेतो तळहातांना खाज सुटली, मग कानशिले तापली, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. त्याने स्कूटर बाजूला लावली, हे त्याचे नशीब. आणि ओळखीच्या दुकानदाराने त्याला रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयात नेले, हे त्याहून मोठे. तेथील तरुण डॉक्टरने क्षणाचाही विलंब न लावता मांडीत ॲड्रिनॅलिन टोचले. वीस मिनिटांत श्वास मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. “काका, तुम्ही हे साडेतीन वर्षे घेतलेत. मी आता बंद करतो. नको ही कटकट.” मी त्याला तेव्हा जे सांगितले, त्याचाच हा विस्तार.

प्रथम ही इंजेक्शने म्हणजे काय, ते पाहू. आपल्या आज्या म्हणत, अमक्याला वांग्याचे वावडे आहे. वावडे हा शब्द ॲलर्जीला बराच जवळचा. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने रूढ केला. शरीराला निरुपद्रवी वस्तूही शत्रू वाटते आणि ते तिच्याविरुद्ध फौज उभी करते. ज्या वस्तूचे वावडे आहे, तिचाच अर्क अतिशय विरळ करून कातडीखाली टोचायचा, मात्रा हळूहळू वाढवायची आणि शरीराला तिची सवय लावायची, ही या उपचाराची कल्पना. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून या डॉक्टरांनी गवताच्या परागांचा अर्क वापरून हा प्रयोग केला आणि १९११ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोनच वर्षांत क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेले. मात्रा बेताची असेल तर सहनशक्ती वाढते, अधिक झाली तर उलट घटते, हे नून यांच्या त्या पहिल्याच प्रयोगात दिसून आले होते. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. धुळ्याच्या त्या कंपाउंडरपर्यंत ती पोहोचलेली नव्हती, इतकेच.

बँकेतल्या माणसाला या उपचारात आवर्ती ठेव दिसते. ठरलेला हप्ता, ठरलेली मुदत, मध्येच मोडली तर व्याज बुडाले. पण एका बाबतीत हे खाते आवर्ती ठेवीच्या नेमके उलट चालते. ठेवीचा हप्ता चुकला, तर पुढच्या महिन्यात दंड भरून दोन हप्ते एकदम भरता येतात. येथे हप्ता चुकला की मागे जावे लागते. खंड जितका मोठा, तितकी मात्रा खाली आणायची. किती आणायची ते उपचार लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे. वाढत्या मात्रांच्या काळात पाच आठवड्यांचा खंड पडल्यावर ‘पुढचा आकडा’ हा चुकीचा आकडा असतो. नवी बाटली उघडतानाही बहुधा मात्रा थोडी उतरवतात, कारण ताजा अर्क जुन्यापेक्षा तीव्र असतो. आपली बाटली बदलली आहे का, हे रुग्णाने स्वतः विचारावे. बाटलीवरचे नाव, तीव्रतेचा क्रमांक आणि अंतिम तारीख सुई भरण्यापूर्वी डोळ्यांनी वाचावी. चेक वटवण्यापूर्वी आपण नाव, रक्कम, तारीख, सही असे चार ठिकाणी पाहत होतो. त्यात कोणाचा अपमान होत नव्हता.

मुदत किती? सुरुवातीचे तीन ते सहा महिने आठवड्याला एक-दोन इंजेक्शने, मग पूर्ण मात्रा गाठली की दोन ते चार आठवड्यांनी एक. असे एकंदर तीन ते पाच वर्षे. ‘इतकी वर्षे कशासाठी?’ असा प्रश्न मीही विचारला होता. लंडनचे डॉ. डरहॅम आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली दाखवून दिले की, गवताच्या परागांसाठी तीन-चार वर्षे इंजेक्शने घेतलेल्यांचा फायदा उपचार थांबवल्यावरही किमान तीन वर्षे टिकला. उलट २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोनच वर्षे उपचार घेतलेल्यांना, थांबवल्यानंतर एका वर्षाने, तसा टिकाऊ लाभ दिसला नाही. म्हणजे दोन वर्षांत खाते बंद करणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. मात्र पूर्ण मात्रेवर एक वर्ष उलटूनही काडीचा फरक नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. बुडीत खात्यात पैसे ओतत राहणे हाही शहाणपणा नव्हे.

आता कोणाला उपयोग होतो आणि कोणाला नाही. परागकण, धुळीतील सूक्ष्म कीटक, काही प्रकारच्या बुरशी यांमुळे होणारी नाकाची व डोळ्यांची ॲलर्जी आणि आटोक्यात असलेला ॲलर्जीजन्य दमा, येथे उपयोग होतो. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर प्राणावर बेतणारी प्रतिक्रिया येते, त्या रुग्णांत तर सर्वाधिक. अन्नाच्या ॲलर्जीसाठी ही इंजेक्शने देत नाहीत. महिनोन्‌महिने अंगावर पित्त उठते, त्यालाही नाही.

आपल्या खानदेशात तीन गोष्टींची हमखास गल्लत होते. मिरचीचा ठसका, हे वर आलेच. दुसरी गोष्ट जिनिंगमधली. कापसाच्या तुसाने छाती भरते, सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी ती अधिक आवळते. तो विकार निराळा, त्याला तोंडावर मास्क, हवा खेळती ठेवणे आणि छातीच्या डॉक्टरांची वेळीच तपासणी हवी. तिसरी गाजरगवताची. पुण्यात १९५६ च्या सुमारास नोंदले गेलेले हे गवत आज जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आणि बांधावर आहे. त्याचे पराग नाकाला त्रास देतात, तो प्रकार एक. पण शेतात-मळ्यात ते अंगाला लागून चेहरा, मान, कोपरांच्या खोबणी काळ्या पडतात, खाजतात, ओलसर होतात, तो त्वचेचा दाह वेगळ्या जातीचा. तेथे त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे; शिंकांची इंजेक्शने घेऊन कातडी सुधारेल, ही आशा बाळगू नये.

म्हणूनच तपासणी नीट व्हायला हवी. हाताच्या कातडीवर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. त्यात एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा आणि एक हिस्टॅमिनचा असतो. हे दोन नसतील तर उरलेल्या थेंबांना अर्थ नाही, तुलनेसाठीची मूळ वहीच नाही म्हणा ना. तपासणीपूर्वी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस, बहुधा आठवडाभर, बंद ठेवाव्या लागतात. सर्दीच्या साध्या गोळीतही तेच औषध असते, म्हणून सर्व गोळ्यांची यादी आधी दाखवावी. रक्ताची तपासणीही असते, ती आयजीई नावाच्या प्रतिपिंडांची. पण ‘दोनशे पदार्थांची यादी’ म्हणून जी पॅकेजे मिळतात, त्यांपैकी पुष्कळ आयजीजी या दुसऱ्याच प्रतिपिंडांची असतात. अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी त्यांचा आधार घेऊ नये, असे या विषयातील तज्ज्ञ संस्थांनी बजावले आहे. आपल्या घरांत कंदमुळे आधीच वर्ज्य. चातुर्मासात हिरव्या भाज्याही कमी होतात. त्यात अशा कागदावरून दूध, गहू, शेंगदाणे, तूरडाळ बंद झालेली एक सून माझ्या पाहण्यात आहे. तिच्या ताटात उरले काय? आणि कागदावर आले म्हणजे ॲलर्जी झाली, असेही नव्हे. तपासणीत निघालेली वस्तू आणि प्रत्यक्ष होणारा त्रास यांचा मेळ बसला पाहिजे. ताळेबंद जुळल्याशिवाय आपण सही करीत नसू.

बाटलीत काय आहे, हेही विचारावे. एकाच बाटलीत पंधरा-वीस अर्कांची मिसळ असेल, तर प्रत्येकाची मात्रा इतकी पातळ होते की, कशाचाच उपयोग होत नाही. शिवाय बुरशीचे आणि झुरळांचे काही अर्क परागांचा अर्क नासवतात. मोजके आणि त्रासाशी जुळणारे अर्क बरे.

येथे आपल्या समाजापुढे एक खास प्रश्न येतो आणि तो मी टाळणार नाही. परागांचे अर्क वनस्पतींचे. पण धुळीतल्या कीटकांचा अर्क त्या सूक्ष्म जीवांची पैदास करून त्यांच्याच शरीरांपासून काढतात. मला हे दुसऱ्या महिन्यात कळले आणि त्या रात्री झोप लागली नाही. सौ. म्हणाली, “आधी विचारले असते, तर निर्णय तरी आपला झाला असता.” तिचे म्हणणे बरोबर होते. मी औषध म्हणून, मनात क्षमा मागून, ते चालू ठेवले. दुसरा कोणी थांबेल आणि गोळ्या, नाकातील फवारा यांवर भागवेल, तर तोही चुकला असे मी म्हणणार नाही. फक्त हा विचार पहिल्या इंजेक्शनापूर्वी व्हावा, निम्म्यावर नव्हे. जिभेखाली ठेवण्याचे थेंब हा पर्याय आहे आणि त्याने जिवावरच्या प्रतिक्रियेचा धोका बराच कमी होतो, पण कीटकांचा अर्क तेथेही तोच असतो. थेंब रोज घ्यावे लागतात. चौविहार उपवासाच्या दिवशी तोंडात काही घ्यायचे नसेल, तर त्याचा हिशेब डॉक्टरांशी आधीच करून ठेवावा. अठ्ठाई करणाऱ्याने इंजेक्शनाच्या तारखाही आगाऊ दाखवाव्यात. उपाशीपोटी चक्कर आली, तर ती उपवासाची की इंजेक्शनाची, हे ओळखण्यात वेळ जातो आणि तेवढा वेळ नसतो.

घरात हे जीव उत्पन्नच होऊ नयेत अशी यतना करणे, हे तर आपल्या आचाराला धरूनच आहे. खोल्यांत ओल राहू न देणे, जुन्या रजया-गालिचे कमी करणे, गाद्या-उशांना घट्ट विणीच्या खोळी घालणे. आमच्याकडे मे महिन्याच्या कोरड्या उन्हात त्यांचा जोर कमी असतो आणि पावसाळ्यात वाढतो, हे माझ्या शिंकांच्या डायरीतही उतरले आहे.

आता धोक्याचा आकडा. अंगभर प्रतिक्रिया दर हजार इंजेक्शनांमागे साधारण एक-दोनदा येते आणि तीही बहुतेक सौम्य. अमेरिकेतील १९९० ते २००१ या काळाच्या पाहणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे पंचवीस लाख इंजेक्शनांमागे एक असे निघाले. घाबरण्याजोगे हे नाही. पण ब्रिटनमध्ये १९५७ पासून २६ मृत्यू झाल्याचे तेथील औषध-सुरक्षा समितीने १९८६ साली जाहीर केले आणि त्यानंतर तेथे नियम कडक झाले : प्राण वाचवण्याची साधने जेथे हाताशी आहेत, तेथेच इंजेक्शन, आणि नंतर रुग्णाला थांबवून ठेवणे. आज सर्वमान्य असलेली किमान वेळ अर्ध्या तासाची आहे, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुधा तेवढ्यात दिसू लागतात. पुतण्या पाच मिनिटेही थांबला नव्हता.

तळहात-तळपायांना खाज, एकाएकी शिंकांची सर, घशात गोळा, छाती आवळणे, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, ‘काहीतरी भयंकर होणार’ असे वाटणे. यांपैकी काहीही झाले तर संकोच न करता ओरडून सांगावे. पहिले औषध ॲड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत. आपल्याकडे आधी पित्ताचे इंजेक्शन आणि स्टेरॉईड देऊन वाट पाहण्याची सवय आहे. ती दोन्ही नंतरची औषधे आहेत. म्हणून इंजेक्शन घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : “ॲड्रिनॅलिन आहे का, आणि ते देणारे डॉक्टर या क्षणी दवाखान्यात आहेत का?” मला आता या प्रश्नाची लाज वाटत नाही. टोचलेल्या जागी सुपारीएवढी सूज येणे मात्र नेहमीचे. बर्फ लावावा, चोळू नये, आणि सूज तळहाताएवढी झाली तर पुढच्या वेळी मात्रेपूर्वी सांगावे.

ताप असेल, धाप वाढलेली असेल, पंप नेहमीपेक्षा जास्त लागत असेल, तर त्या दिवशी इंजेक्शन नको. जिवावर बेतलेल्या प्रसंगांत अनियंत्रित दमा हे एक मोठे कारण आढळले आहे. इंजेक्शनाच्या आधी व नंतर दोन तास जड श्रम, धावणे, गोण्या उचलणे टाळावे. आणि रक्तदाबाच्या गोळ्या! माझे इंजेक्शन याच कारणाने महिनाभर लांबले. मी ॲटेनोलॉल घेत होतो. त्या वर्गातील गोळ्या चालू असताना संकट आले, तर ॲड्रिनॅलिनचा असर नीट होत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, मग सुरुवात झाली. काचबिंदूच्या काही थेंबांतही त्याच वर्गाचे औषध असते, तेही सांगावे. अशा गोळ्या स्वतःहून मात्र बंद करू नयेत. गरोदरपणात हा उपचार नव्याने सुरू करीत नाहीत. आधीपासून चालू आणि सोसत असेल तर मात्रा न वाढवता चालू ठेवता येतो.

अंतराचा प्रश्न उरतोच, आणि तो खरा आहे. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल येथून दर आठवड्याला शहर गाठणे सोपे नाही. मला व्यवहार्य वाटणारा मार्ग असा : मात्रा वाढवण्याचे पहिले महिने तज्ज्ञांकडेच काढावेत, आणि पूर्ण मात्रा स्थिर झाल्यावर जवळच्या अशा रुग्णालयात घ्यावे, जेथे डॉक्टर हजर असतात. सोबत तज्ज्ञांचे लेखी पत्र असावे : मात्रा किती, खंड पडल्यास किती कमी करायची, प्रतिक्रिया आल्यास काय. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही शासकीय महाविद्यालय आहे. आपल्या डॉक्टरांनी तेथील छातीच्या वा नाक-कान-घशाच्या विभागाशी बोलून ठेवण्यास हरकत नाही. बाटली २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे, पण गोठता कामा नये. आमच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली बाटली अर्ध्या वाटेतच वाया गेली समजा. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, त्यावर कापडाची घडी आणि मग बाटली. खर्चाचा अंदाज पहिल्याच दिवशी तीन वर्षांचा मागावा, एका बाटलीचा नव्हे. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत बाह्यरुग्ण उपचार बसत नाहीत.

माझा स्वतःचा निकाल विचाराल, तर शिंका गेल्या असे म्हणणार नाही. जुन्या लेजरांच्या खोलीत गेलो तर आजही दोन-चार येतात. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात रोज घ्यावी लागणारी गोळी आता आठवड्यातून एखाद्या वेळी लागते, आणि पंप गेली दोन वर्षे कपाटातच आहे.

पुतण्याने उपचार सोडला नाही. जळगावच्या डॉक्टरांनी प्रथम त्याचा दमा आटोक्यात आणला, मग जानेवारीत मात्रा पुष्कळ खाली आणून पुन्हा सुरुवात केली. दर गुरुवारी तो पहाटेच धुळ्याहून निघतो. परवा मी सहज तेथे डोकावलो. इंजेक्शन होऊन बारा मिनिटे झाली होती. तो बाकावर बसून मोबाईलवर दोंडाईच्याच्या मिरचीचे भाव विचारत होता, आणि शेजारच्या खुर्चीवर त्याच्या आईने दिलेला खाकऱ्याचा डबा होता. मला पाहून म्हणाला, “काका, बसा. अजून अठरा मिनिटे आहेत.”